रँडम मॅट्रिक्स आणि त्यामागची संभाव्यता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाव्यताशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम झालेला आणि आयगेनव्हॅल्यू म्हणजे काय हे ठाऊक असलेला वाचक डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. सूत्रं बेताचीच आहेत. मात्र आकडेमोड केल्याशिवाय मुद्दा गळी उतरत नाही, अशा ठिकाणी ती टाळलेली नाही.

रँडम मॅट्रिक्स म्हणजे नेमकं काय?

जिच्यातला प्रत्येक आकडा एखाद्या संभाव्यता-वितरणातून उचललेला असतो ती रँडम मॅट्रिक्स. एवढ्या व्याख्येत फारसा दम नाही. खरी गंमत सुरू होते ती अशा मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू कशा वागतात हे विचारल्यावर, आणि तिचा आकार एन × एन धरून एन वाढवत नेल्यावर.

सर्वाधिक वापरात असलेला नमुना म्हणजे विग्नर मॅट्रिक्स. कर्णावरचे आणि कर्णाच्या वरचे आकडे एकमेकांपासून स्वतंत्रपणे निवडायचे, त्यांची सरासरी शून्य आणि व्हेरियन्स एक ठेवायचा, आणि खालचा अर्धा भाग वरच्याचं प्रतिबिंब म्हणून भरायचा. मॅट्रिक्स सममित असल्याने सगळ्या आयगेनव्हॅल्यू वास्तव संख्या येतात. शेवटी सगळे आकडे √एन ने भागून घेतात, म्हणजे एन कितीही वाढला तरी आयगेनव्हॅल्यू एका ठरावीक पट्ट्यात राहतात. पुढे वेगळं सांगितलं नसेल तिथे हे भागून झालेलं आहे असं धरा.

आकडे स्वतंत्र आहेत, मग आयगेनव्हॅल्यूही स्वतंत्रच असणार ना?

नाही. हा सगळा विषय त्या ‘नाही’वर उभा आहे. एन = १००० असेल तर ५,००,५०० स्वतंत्र आकड्यांमधून १००० आयगेनव्हॅल्यू निघतात, आणि त्यांतली प्रत्येक आयगेनव्हॅल्यू सगळ्याच आकड्यांवर अवलंबून असते. त्या एकमेकींच्या जवळ यायला तयार नसतात.

का, ते २ × २ मॅट्रिक्समध्येच दिसतं. कर्णावर अ आणि क, आणि उरलेल्या दोन्ही जागी ब असू द्या. दोन आयगेनव्हॅल्यूंमधलं अंतर √((अ − क)² + ४ब²) इतकं येतं. हे अंतर शून्य व्हायला अ आणि क सारखे व्हायला हवेत आणि त्याच वेळी ब शून्य व्हायला हवा. एका अटीऐवजी दोन अटी एकदम पाळल्या जाणं दुर्मीळ. प्रतलावर यादृच्छिक टाकलेला बिंदू आरंभबिंदूच्या अगदी जवळ पडण्याइतकंच ते दुर्मीळ आहे, आणि म्हणून छोट्या अंतरांची घनता शून्याजवळ त्या अंतराच्याच प्रमाणात घटत जाते.

किती फरक पडतो ते बघा. सरासरी अंतर १ धरू. रेषेवर बिंदू एकमेकांची पर्वा न करता विखुरले असतील (पॉयसाँ वितरण), तर शेजारच्या दोघांमधलं अंतर ०.१ पेक्षा कमी असण्याची संभाव्यता सुमारे ९.५ टक्के. विग्नर यांनी २ × २ च्या हिशेबावरून सुचवलेल्या सूत्राप्रमाणे तीच संभाव्यता ०.८ टक्क्याच्या आत येते. एन मोठा असतानाचं अचूक सूत्र वेगळं आणि बरंच किचकट आहे, पण दोघांचे आलेख एकमेकांवर ठेवले तर फरक नजरेला जेमतेम जाणवतो.

ही कल्पना आली कुठून?

दोन वेगळ्या वाटांनी. १९२८ साली संख्याशास्त्रज्ञ जॉन विशार्ट यांनी नमुन्यावरून काढलेल्या कोव्हेरियन्स मॅट्रिक्सचं (चलांच्या परस्परसंबंधांच्या तक्त्याचं) वितरण मांडलं. ती गरज विदा हाताळणाऱ्यांची होती.

दुसरी वाट अणुभौतिकीची. युरेनियमसारख्या जड अणुकेंद्रकावर मंद न्यूट्रॉन सोडले की ठरावीक ऊर्जांना ते फार जोराने शोषले किंवा विखुरले जातात. या ऊर्जा म्हणजे केंद्रकाच्या हॅमिल्टोनियनच्या (त्याची ऊर्जा सांगणाऱ्या ऑपरेटरच्या) आयगेनव्हॅल्यू. पण दोनशेहून अधिक कणांचा हॅमिल्टोनियन कागदावर मांडणार कोण? १९५० च्या दशकात यूजीन विग्नर यांनी सरळ त्याच्या जागी सममित रँडम मॅट्रिक्स ठेवली. एकेका पातळीची नेमकी जागा सांगायचा नाद सोडून पातळ्यांमधल्या अंतरांचं वितरण काय असेल एवढंच विचारलं, आणि प्रयोगातल्या आकड्यांशी ते जुळत गेलं. न कळणाऱ्या गोष्टीला यादृच्छिक मानायचं हे धाडस आजही थोडं उद्धटच वाटतं.

त्यानंतर फ्रीमन डायसन यांनी १९६२ च्या शोधनिबंधांत या विषयाला शिस्त लावली. भारतात जन्मलेले आणि पुढे फ्रान्समध्ये साक्ले येथे काम केलेले मदनलाल मेहता यांनी मिशेल गोदँ यांच्यासोबत लंबकोनी बहुपदींच्या मदतीने अंतरांचे अचूक हिशेब करून दाखवले. कित्येक पिढ्या हा विषय मेहतांच्या ग्रंथावरून शिकल्या.

अर्धवर्तुळाचा नियम म्हणजे काय, आणि अर्धवर्तुळच का?

मोठ्या विग्नर मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यूंचा हिस्टोग्राम काढला की तो −२ ते २ या पट्ट्यात अर्धवर्तुळाच्या (काटेकोर सांगायचं तर उभ्या दिशेने दाबलेल्या अर्धवर्तुळाच्या) आकाराचा दिसतो. घंटेच्या आकाराची सवय झालेल्या डोळ्यांना पहिल्यांदा हे चुकल्यासारखं वाटतं. इथे शेपटी नसते, २ च्या पलीकडे घनता चक्क शून्य. −१ ते १ या मधल्या अर्ध्या पट्ट्यात सुमारे ६१ टक्के आयगेनव्हॅल्यू सापडतात.

कारण मोजणीत आहे. आयगेनव्हॅल्यूंच्या चौथ्या घातांची सरासरी काढायची असेल तर मॅट्रिक्सच्या चौथ्या घाताचा ट्रेस (कर्णावरच्या आकड्यांची बेरीज) काढून एन ने भागायचं. तो ट्रेस म्हणजे चार पावलांत सुरुवातीच्या जागी परतणाऱ्या सगळ्या वाटांची बेरीज. जागा म्हणजे १ ते एन हे क्रमांक, आणि दोन जागांमधली कडी म्हणजे त्या ओळीतला आणि स्तंभातला आकडा. आकड्यांची सरासरी शून्य असल्यामुळे वाटेतली एखादी कडी एकदाच वापरली गेली की ती वाट सरासरीत गळते. म्हणजे प्रत्येक कडी निदान दोनदा वापरली जायला हवी. अशा वाटा मुख्यतः दोन तऱ्हेच्या: शेजारी जाऊन परत यायचं आणि दुसऱ्या शेजाऱ्याकडे जाऊन परत यायचं, किंवा दोन घरं लांब जाऊन त्याच रस्त्याने माघारी यायचं. दोन्हीत साधारण एन³ पर्याय, प्रत्येक वाटेचं वजन १/एन², आणि बाहेरचा भागाकार एन चा. प्रत्येक तऱ्हेचं योगदान बरोबर १. एकूण २.

एकच कडी चारदा तुडवणाऱ्या वाटाही आहेत, पण त्या फक्त एन² च्या घरात. म्हणून एन वाढला की त्यांचं योगदान शून्याकडे जातं. इथे जरा थांबा. मूळ आकड्यांच्या चौथ्या घाताची सरासरी (पुढे थोडक्यात ‘चौथा घात’) फक्त याच वाटांमध्ये येते आणि त्याच नाहीशा होतात. तेव्हा मूळ आकडे गॉसियन होते, की नाणं उडवून मिळालेले +१ आणि −१ होते, याची अर्धवर्तुळाला दखलच नसते.

सहाव्या घाताला ५ येतात, आठव्याला १४. १, २, ५, १४ या कॅटलान संख्या आहेत, आणि ज्याच्या सम घातांच्या सरासरी याच संख्या असतात ते वितरण अर्धवर्तुळाचंच. गॉसियनसाठी हेच आकडे १, ३, १५ असे येतात, कारण तिथे जोड्या लावायचे सगळे मार्ग मोजले जातात. अर्धवर्तुळात फक्त एकमेकांना न छेदणाऱ्या जोड्या मोजायच्या. चार पावलांतली तिसरी, छेदणारी जोडी तीच वगळलेली.

मग इथे मध्यवर्ती सीमा प्रमेय लागूच होत नाही?

होतं, पण मोजपट्टी बदलून, आणि ती मोजपट्टी पाहून अनुभवी माणसालाही अचंबा वाटतो.

एन स्वतंत्र चलांची बेरीज घेतली की तिचा व्हेरियन्स एन च्या प्रमाणात वाढतो. आयगेनव्हॅल्यूंची बेरीज म्हणजे ट्रेस, म्हणजेच कर्णावरच्या आकड्यांची बेरीज. ते आकडे एन, प्रत्येकाचा व्हेरियन्स १/एन. बेरजेचा व्हेरियन्स १! एन हजार असो की कोटी. केवळ ट्रेसची ही खासियत नाही. कोणतंही गुळगुळीत फलन घेऊन ते सगळ्या आयगेनव्हॅल्यूंवर लावलं आणि बेरीज केली, तरी चढउतार एन सोबत वाढत नाहीत. त्या बेरजेतून तिची सरासरी वजा केली की साध्या अटींखाली मर्यादेत गॉसियन वितरणच मिळतं. √एन ने भागण्याची गरज मात्र उरत नाही.

एकमेकींना ढकलणाऱ्या आयगेनव्हॅल्यू जागेवर घट्ट बसतात, त्याचा हा परिणाम. एन = १०,००० स्वतंत्र बिंदू क्रमाने लावले तर मधला बिंदू १/√एन म्हणजे ०.०१ च्या घरात हलतो. मधली आयगेनव्हॅल्यू हलते ती √(लॉग एन)/एन च्या घरात. स्थिरांक बाजूला ठेवले तर ते ०.०००३ होतं.

सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू किती मोठी असते?

१००० × १००० ची सममित मॅट्रिक्स घ्या, आकडे +१ किंवा −१, आणि या वेळी √एन ने भागू नका. सगळेच आकडे +१ आले तर सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू १००० होईल. प्रत्यक्षात ती २√१००० म्हणजे ६३.२ च्या आसपास सापडते. खरं तर जराशी अलीकडेच, सरासरी ६२.९ च्या सुमारास, आणि प्रमाणित विचलन फक्त ०.४ च्या आसपास. पाच लाख नाणी उडवूनही उत्तर इतकं बांधलेलं.

हे सूक्ष्म चढउतार ज्या वितरणाने वर्णन होतात त्याला ट्रेसी–विडम वितरण म्हणतात. क्रेग ट्रेसी आणि हॅरोल्ड विडम यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते पेनलेव्हे समीकरण नावाच्या अरेषीय विकलक समीकरणाच्या उकलीतून मांडलं. वास्तव सममित मॅट्रिक्ससाठी त्याची सरासरी −१.२१ आणि प्रमाणित विचलन १.२७, संमिश्र हर्मिशियनसाठी (आकडे संमिश्र, आणि कर्णापलीकडच्या प्रतिबिंबाच्या जागी त्यांचेच संयुग्म) −१.७७ आणि ०.९०. भागून घेतलेल्या मॅट्रिक्सच्या कडेवर चढउताराची मोजपट्टी एन च्या −२/३ घाताइतकी असते.

या वितरणाच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत, आणि त्याचं कारण सुरेख आहे. सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू नेहमीपेक्षा उजवीकडे जायची असेल तर ती एकटी सुटून जाऊ शकते. डावीकडे यायची असेल तर तिच्यामागची सगळी गर्दी मागे रेटावी लागते. म्हणून स्थिरांक सोडले तर उजवी शेपटी ई^(−अंतराचा ३/२ घात) अशी घसरते, तर डावी चक्क ई^(−अंतराचा तिसरा घात) अशी. डावीकडचं विचलन जवळजवळ अशक्य कोटीतलं.

ट्रेसी–विडम वितरण मॅट्रिक्सच्या बाहेर कुठे भेटतं?

जिथे मॅट्रिक्सचा मागमूसही नसतो तिथे! १ ते १०,००० हे आकडे मनसोक्त पिसा आणि डावीकडून उजवीकडे जाताना चढत्या क्रमाने निवडता येतील अशा आकड्यांची सर्वांत लांब साखळी शोधा. मधले कितीही आकडे वगळायला परवानगी आहे. साखळीची लांबी २√१०,००० = २०० च्या आसपास असणार हे १९७७ मध्येच लोगन–शेप आणि वर्शिक–केरोव यांनी दाखवलं होतं. १९९९ मध्ये बाइक, डाइफ्ट आणि योहान्सन यांनी सिद्ध केलं की तिचे चढउतार संमिश्र हर्मिशियन मॅट्रिक्सच्या ट्रेसी–विडम वितरणानेच जातात, मोजपट्टी संख्येच्या सहाव्या मुळाची. १०,००० साठी हिशेब केला तर सरासरी सुमारे १९२ आणि विचलन ४ च्या जरा वर.

वाढत जाणाऱ्या खडबडीत पृष्ठभागांमध्येही हेच वितरण निघतं. ताकेउची आणि सानो यांनी २०१० मध्ये द्रवस्फटिकावरच्या प्रयोगात ते प्रत्यक्ष मोजलं.

‘युनिव्हर्सॅलिटी’ हा शब्द सारखा येतो. त्यात नवल ते काय?

अर्धवर्तुळ मूळ वितरणावर अवलंबून नसणं ही युनिव्हर्सॅलिटीची सोपी बाजू. अवघड बाजू शेजारच्या आयगेनव्हॅल्यूंमधल्या अंतरांची. ही अंतरं १/एन इतकी बारीक, आणि तिथेही तपशील पुसले जातात असा दावा. गॉसियन आकडे असले तर सगळ्या आयगेनव्हॅल्यूंच्या एकत्रित वितरणाचं नेमकं सूत्र हाताशी असतं आणि हिशेब होतो. इतर आकड्यांसाठी असं सूत्रच नाही. विग्नर, डायसन, मेहता या सगळ्यांना उत्तर तेच येणार असं वाटत होतं, पण सिद्धता यायला सुमारे अर्धशतक लागलं.

२००९ नंतरच्या काही वर्षांत दोन गटांनी ती दिली. लास्लो एर्डोश, बेंजामिन श्लाइन, हॉर्ंग-त्सेर याऊ आणि सहकाऱ्यांनी डायसन यांचीच जुनी युक्ती वापरली: मॅट्रिक्सच्या प्रत्येक आकड्याला किंचित ब्राउनियन हालचाल द्यायची. संपूर्ण आलेख स्थिरावायला बराच काळ लागतो, पण शेजाऱ्यांमधली अंतरं १/एन इतक्या क्षणभरात समतोलाला येतात. म्हणजे मॅट्रिक्स जेमतेम बदललेली असते आणि अंतरांचा नियम मात्र गॉसियनसारखा झालेला असतो. मग ती जेमतेम हालचालही नव्हती असं धरलं तरी बिघडत नाही, हे दाखवायचं. टेरेन्स टाओ आणि व्हान व्हू यांची वाट वेगळी. त्यांनी एकेक आकडा बदलत नेला आणि पहिले चार घात जुळत असतील तर स्थानिक वागणूकही जुळते हे सिद्ध केलं. पहिली सिद्धता *का* हे जास्त चांगलं सांगते, असं माझं मत.

हे नियम कधी कोसळतात?

आकड्यांच्या शेपट्या जड झाल्या की. व्हेरियन्स अनंत असेल तर अर्धवर्तुळ गेलंच. व्हेरियन्स मर्यादित पण चौथा घात अनंत, अशी मधली अवस्था जास्त फसवी. हिस्टोग्राम अगदी व्यवस्थित अर्धवर्तुळ दिसतो, पण सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू २ वर थांबत नाही. बाय आणि यिन यांनी १९८८ मध्ये दाखवलं की ती थांबायला चौथा घात मर्यादित असावा लागतो. शेपट्या पुरेशा जड असल्या की सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू म्हणजे जवळपास मॅट्रिक्समधला सर्वांत मोठा आकडाच, आणि गर्दीचा तिच्याशी काही संबंध उरत नाही.

फार विरळ मॅट्रिक्सचंही तसंच. ज्या यादृच्छिक आलेखात (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यात) प्रत्येक बिंदूला सरासरी दोन-तीनच शेजारी आहेत, त्याच्या मॅट्रिक्सचा स्पेक्ट्रम (आयगेनव्हॅल्यूंचा संच) अर्धवर्तुळासारखा अजिबात दिसत नाही. शेजारी वाढत गेले की तो हळूहळू तिकडे सरकतो.

बीटा १, २, ४ म्हणजे काय?

मॅट्रिक्समधले आकडे वास्तव (१), संमिश्र (२) की क्वाटर्निअन म्हणजे चार घटकांच्या संख्या (४), याची ती खूण. भौतिकीत काळ उलटा फिरवला तर नियम तसेच राहतात की नाही, त्यावर हे ठरतं. वरच्या २ × २ च्या हिशेबात ब संमिश्र असता तर अंतर शून्य व्हायला तीन अटी लागल्या असत्या आणि घनता अंतराच्या वर्गाने घटली असती. बीटा म्हणजे या दुराव्याची ताकद. द्युमित्रिउ आणि एडलमन यांनी २००२ मध्ये बीटाच्या कोणत्याही धन किमतीसाठी चालणारा त्रिकर्णी मॅट्रिक्सचा (फक्त कर्णावर आणि त्याच्या लगतच्या दोन तिरक्या ओळींत आकडे असलेल्या) नमुना दिला. त्यामुळे १, २, ४ ही सक्तीही राहिली नाही.

विदाशास्त्रात याचा खरंच उपयोग होतो का?

माझ्या मते सर्वांत रोखठोक उपयोग इथेच आहे. समजा १०० चल आहेत, प्रत्येकाची ४०० निरीक्षणं, आणि चलांमध्ये परस्परसंबंध शून्य, व्हेरियन्स १. खऱ्या कोव्हेरियन्स मॅट्रिक्सच्या सगळ्या आयगेनव्हॅल्यू १ आहेत. नमुन्यावरून काढलेल्या मॅट्रिक्सच्या मात्र ०.२५ ते २.२५ पर्यंत पसरतात! मार्चेंको आणि पास्तुर यांनी १९६७ मध्ये हे सूत्र दिलं: चल आणि निरीक्षणं यांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ (इथे १/२) घ्यायचं, ते १ मध्ये मिळवून किंवा १ मधून वजा करून वर्ग करायचा. ज्यांना हे ठाऊक नसतं ते २.१ ची आयगेनव्हॅल्यू पाहून ‘महत्त्वाचा घटक सापडला’ असं लिहून मोकळे होतात. तो निव्वळ गोंगाट असतो.

आता खरोखरच एक संकेत दडलेला आहे असं धरू, ज्याची खरी आयगेनव्हॅल्यू १ पेक्षा मोठी आहे. तो दिसेल का? बाइक, बेन अरूस आणि पेशे यांनी २००५ मध्ये उंबरठा दाखवला. आपल्या उदाहरणात तो १.५ येतो. खरी किंमत १.५ च्या खाली असेल तर सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू गोंगाटाच्या कडेलाच चिकटून राहते आणि संकेत असल्याचं तिच्याकडे पाहून कळतच नाही. किंमत ३ असेल तर नमुन्यात ती ३.३७५ म्हणून दिसते, म्हणजे फुगवून. तिचा आयगेनव्हेक्टरही खऱ्या दिशेशी पूर्ण जुळत नाही. दोघांमधल्या कोनाच्या कोसाइनचा वर्ग ०.८३ येतो. निरीक्षणं आणि चल एकाच गुणोत्तरात कितीही वाढवली तरी हे तिरपेपण जात नाही.

शेअर बाजारावरचा १९९९ चा लालू, सिझो, बुशो आणि पॉटर्स यांचा अभ्यास याच पठडीतला. अमेरिकेतल्या एस अँड पी ५०० मधल्या ४०६ समभागांच्या कोरिलेशन मॅट्रिक्समध्ये सुमारे ९४ टक्के आयगेनव्हॅल्यू गोंगाटाच्या पट्ट्यात बसत होत्या. सर्वांत मोठी मात्र अपेक्षित कडेच्या सुमारे २५ पट. ती म्हणजे सगळा बाजार एकदम वर-खाली होणं. गोंगाट साफ न करता त्या मॅट्रिक्सवरून गुंतवणुकीची जोखीम काढणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

अभाज्य संख्यांशी याचा काय संबंध?

सिद्ध झालेला संबंध थोडा, पुरावा भरपूर. १९७२ मध्ये ह्यू माँटगोमेरी यांनी रीमान झीटा फलनाच्या शून्यांच्या जोड्यांमधल्या अंतरांचं एक सूत्र काढलं होतं. अभाज्य संख्या कशा विखुरल्या आहेत हे या शून्यांच्या जागांशी बांधलेलं आहे. प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीमध्ये चहाच्या वेळी त्यांची डायसन यांच्याशी गाठ पडली, आणि डायसन यांनी ते सूत्र तत्काळ ओळखलं. संमिश्र हर्मिशियन रँडम मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यूंचं तेच सूत्र. पुढे १९८० च्या दशकात अँड्र्यू ओडलिझ्को यांनी फार उंचीवरची शून्यं संगणकाने मोजून काढली आणि जुळणी थक्क करणारी निघाली. माँटगोमेरी यांचं अनुमान पूर्ण स्वरूपात अजून सिद्ध झालेलं नाही.

मॅट्रिक्स सममित नसेल तर?

सगळे आकडे स्वतंत्र, व्हेरियन्स १/एन. आयगेनव्हॅल्यू आता संमिश्र प्रतलात पसरतात आणि एकक त्रिज्येची चकती एकसारखी भरतात. हा वर्तुळाचा नियम. जिनिब्र यांनी १९६५ मध्ये गॉसियन आकड्यांचा अभ्यास केला, गिरको आणि बाय यांनी वाट पुढे नेली, आणि केवळ व्हेरियन्स मर्यादित असला की पुरे, हा शेवटचा निष्कर्ष टाओ आणि व्हू यांनी मंजुनाथ कृष्णपूर यांच्या परिशिष्टासह २०१० मध्ये दिला.

एवढा वेळ का लागला? सममित नसलेल्या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू भयंकर हळव्या असतात म्हणून. १०० × १०० ची मॅट्रिक्स घ्या, कर्णाच्या लगेच वरच्या तिरक्या ओळीत सगळे १, बाकी शून्य. तिच्या शंभरही आयगेनव्हॅल्यू शून्य. आता खालच्या डाव्या कोपऱ्यात शून्याऐवजी एक भागिले हजार कोटी, म्हणजे १०^(−१०), लिहा. सगळ्या आयगेनव्हॅल्यू उडी मारून ०.७९ त्रिज्येच्या वर्तुळावर जाऊन बसतात. अशा विषयात ‘छोटी चूक दुर्लक्षित करू’ हे वाक्य चालत नाही.

आकडे वास्तव गॉसियन असतील तर काही आयगेनव्हॅल्यू वास्तव रेषेवरही सापडतात, सरासरी √(२एन/पाय) इतक्या. शंभराच्या मॅट्रिक्समध्ये आठेक. आणि चकतीची त्रिज्याच परिसंस्थांचे अभ्यासक रॉबर्ट मे यांच्या १९७२ च्या प्रसिद्ध युक्तिवादामागे आहे: जातींची संख्या, त्यांच्यातल्या संबंधांचं प्रमाण आणि संबंधांची तीव्रता वाढत गेली की चकती फुगते, उजव्या अर्ध्या प्रतलात शिरते आणि परिसंस्था अस्थिर होते. खऱ्या परिसंस्था यादृच्छिक जोडलेल्या नसतात हा आक्षेप रास्तच आहे, आणि वाद अजून चालू आहे.

+१ आणि −१ ची रँडम मॅट्रिक्स सिंग्युलर (म्हणजे डिटर्मिनंट शून्य) असण्याची संभाव्यता किती?

शून्याकडे जाते हे कोमलोश यांनी १९६७ मध्ये दाखवलं. ती किती वेगाने जाते ते कळायला फार वर्षं गेली. दोन ओळी सारख्या किंवा उलट निघाल्या की मॅट्रिक्स सिंग्युलर होतेच, म्हणून संभाव्यता साधारण (१/२) च्या एन व्या घाताहून कमी असू शकत नाही. तिखोमिरोव यांनी २०२० मध्ये सिद्ध केलं की घातांकाच्या पातळीवर उत्तर नेमकं तेवढंच आहे.

फ्री प्रॉबॅबिलिटी हा वेगळा विषय आहे का?

वेगळ्या गावाहून आलेला, पण इथेच स्थिरावलेला. डॅन व्होइकुलेस्कू यांनी १९८० च्या दशकात ऑपरेटर बीजगणितासाठी तो मांडला आणि १९९१ मध्ये दाखवलं की मोठ्या स्वतंत्र रँडम मॅट्रिक्स त्याचे नियम पाळतात. त्या जगात गुणाकाराचा क्रम बदलता येत नाही, आणि गॉसियनची गादी अर्धवर्तुळाकडे असते. दोन मोठ्या मॅट्रिक्सच्या बेरजेचा स्पेक्ट्रम हवा असेल तर हेच हत्यार काढावं लागतं.

बसगाड्यांचं उदाहरण खरं आहे का?

खरं आहे. मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका शहरात बसच्या वेळांमधली अंतरं संमिश्र हर्मिशियन मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यूंसारखी पडतात, असं मिलान क्रबालेक आणि पेत्र शेबा यांनी २००० साली दाखवलं. तिथले चालक स्वतःच गाडीचे मालक असत, पुढची बस किती वेळापूर्वी गेली याची माहिती वाटेतल्या माणसांकडून विकत घेत, आणि फार जवळ असलो तर वेग कमी करत. म्हणजे दुरावा होता आणि तो माणसांनी ठेवलेला होता. अशा जुळण्या दिसल्या की लगेच गूढ शोधू नये. गोष्टी एकमेकींना टाळतात का, आणि किती जोराने, हे आधी तपासावं.

संगणकावर स्वतः पाहायचं असेल तर कुठून सुरुवात करावी?

अर्धवर्तुळापासून. पायथॉन किंवा तत्सम कोणत्याही भाषेत १००० × १००० ची गॉसियन मॅट्रिक्स घ्या, तिच्यात तिचीच ट्रान्सपोज मिळवा, √(२एन) ने भागा, आयगेनव्हॅल्यू काढा. एकच मॅट्रिक्स पुरते, शंभर वेळा पुन्हा काढायची गरज नाही. सममित मॅट्रिक्ससाठी असलेलंच फंक्शन वापरा. सर्वसाधारण फंक्शन उगाच संमिश्र आकडे देतं आणि वेळही खातं.

अंतरांचा आलेख काढताना मात्र एक खबरदारी घ्यावी लागते. मध्यभागी आयगेनव्हॅल्यू दाट असतात आणि कडेला विरळ. कच्ची अंतरं एकत्र ओतली तर आलेख बिघडतो आणि सूत्र चुकलं असं वाटतं. आधी प्रत्येक आयगेनव्हॅल्यूच्या जागी तिच्या डावीकडचं अर्धवर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले एन लिहा, म्हणजे सरासरी अंतर सगळीकडे १ होतं. मग कडेचे दहा-दहा टक्के सोडून द्या आणि उरलेल्या अंतरांचा हिस्टोग्राम विग्नर यांच्या सूत्रावर, (पाय/२) × अंतर × ई^(−पाय × अंतर²/४), ठेवून बघा. कडेचा अभ्यास करायचा तर उलट: तिथे एका मॅट्रिक्समधून एकच सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू मिळते, हजारो मॅट्रिक्स लागतात. तेव्हा पूर्ण मॅट्रिक्स बनवत बसण्यापेक्षा द्युमित्रिउ–एडलमन यांची त्रिकर्णी मॅट्रिक्स घेतली तर तासांचं काम मिनिटांत उरकतं.